वीरगळापर्यंत आणि परत

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पळायचं यंत्र आहे. पट्टा फिरतो, समोर टीव्ही चालू असतो आणि माणूस तासभर घाम गाळून जिथं चढला तिथंच उतरतो. मी त्यावर पळावं असं नवऱ्याचं म्हणणं, मुलाचंही तेच, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी तर ते कागदावर लिहून दिलं. मी त्या कागदाची घडी करून कणकेच्या डब्याखाली सरकवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बूट बांधून बाहेर पडले. तीस वर्षं मी एका खुर्चीत बसून नोकरी केली आहे. जागच्या जागी राहणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

माझी वाट बंगळूरजवळच्या येलहंकाच्या जुन्या पेठेतून निघते. तळ्याचा बांध, मग रेल्वेचा पूल, आणि पुलाखालून पलीकडे गेलं की द्राक्षांचे मांडव लागतात. पुढे नाचणीची शेतं, निलगिरीची झाडं आणि मातीची गाडीवाट. चौथ्या किलोमीटरला दगडी पायऱ्यांची पुष्करणी आहे, तिला इथं कल्याणी म्हणतात. पाणी हिरवंगार झालंय, पण पायऱ्या अजून इतक्या सरळ की आमच्या इमारतीच्या बिल्डरनं एकदा येऊन बघाव्यात. काठावर चार खांबांचा मंडप, त्यात शेळ्या बसलेल्या असतात. आणि सहाव्या किलोमीटरला, एका शेताच्या कोपऱ्यात, माझा वीरगळ. त्याला हात लावायचा आणि मागं वळायचं.

कमरेएवढा काळा दगड आहे. खालच्या चौकटीत एक माणूस तलवार उपसून उभा, त्याच्या मागं गाई, समोर धनुष्य ताणलेले दोघं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो महादेवापुढे मांडी घालून बसलाय, आता घाई कसली अशा चेहऱ्यानं. गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो मेला, एवढं कुणालाही दिसतं. नाव कोरलेलं असावं, पण अक्षरं झिजून गेलीत. आमच्या पळणाऱ्यांच्या गटात एक वाचन असलेले गृहस्थ होते, ते म्हणायचे आठशे वर्षं तरी झाली असतील.

गट म्हणजे आम्ही दहा-बारा जण होतो. काही तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटहून तासभर गाडी हाकत यायचे, पायी पळण्यासाठी. वीरगळाजवळ फोटो व्हायचे. मी जोरात येऊन दगडावर थाप मारायची, शर्यतीत मारतात तशी. एका रविवारी शेतातून एक बाई कोयता घेऊनच आली. मला वाटलं आता काही खरं नाही. ती एवढंच म्हणाली, "दोन हातांनी लावा. एका हातानं जनावराला थोपटतात."

तीच अक्का. शेत तिच्या सासरच्यांचं, वय माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी जास्त. मी निपाणीकडची, त्यामुळे माझं कन्नड तिकडचं. तिला ते भांडल्यासारखं वाटायचं आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. ती मला मेडम म्हणायची, मी तिला अक्का. हा आमच्या घरचा, असं ती वीरगळाबद्दल म्हणाली होती. मी मान डोलावली. आमच्याकडे कुलदैवताला म्हणतात तसंच असणार, असं मी धरून चालले. विचारायला काय झालं होतं मला?

मग अक्काच्या दिरांनी ते शेत घरांच्या लेआउटसाठी विकलं. बांधालगतची एक पट्टी तिच्याकडे राहिली, बाकी सगळ्याभोवती भिंत आली आणि वीरगळ भिंतीच्या आत गेला. गाडीवाटेवर लोखंडी गेट बसलं, गेटवर पहारेकरी आणि ऑफिसच्या खोलीत एक साहेब. ही वाट गावाच्या नकाशात आहे, अक्काच्या सासऱ्यांच्या आधीपासून आहे, हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला गार पाण्याची बाटली दिली. माणसाला गप्प करायची ही फार सभ्य रीत आहे. आमच्या गटानं एकमतानं ठरवलं की कटकट नको, यापुढे तळ्याभोवती चकरा मारू. मी म्हटलं, तुम्ही मारा. मी रोज गेटवर जाऊन उभी राहायची. पहारेकरी उत्तरेकडचा, भला माणूस, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो कंटाळून आत सोडायचाच.

अशाच एका सकाळी वीरगळावर खडूनं फुली मारलेली दिसली. पलीकडे जेसीबी उभा होता. रस्त्याच्या आड येतोय, पुढच्या आठवड्यात उचलणार, पहारेकऱ्यानं सांगितलं. उचलून कुठं नेणार ते त्याला माहीत नव्हतं.

परतीचे सहा किलोमीटर मी कसे पळाले मला आठवत नाही. आठवत होता तो आमच्या गावचा रस्ता. तिथंही पडक्या देवळामागे वीरगळ होते, आणि रस्ता रुंद करायला माणसं आली त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्यांना शेंदूर फासला. झालं. मुकादमानं बाहेरूनच नमस्कार केला आणि रस्त्यानं मुकाट्यानं वळण घेतलं. एसटी अजून तिथं वळते. आमच्याकडे दगडाला शेंदूर लागला की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही, हे आम्हाला जन्मतः ठाऊक असतं.

शनिवारी मी शेंदूर तेलात कालवून एका डबीत भरला आणि डबी कमरेच्या पट्ट्यात खोचली. पहारेकरी चहा घेत होता. मी वीरगळाला आधी दोन हात लावले आणि मग फासायला सुरुवात केली. तलवार, गाई, अप्सरा, महादेव, सगळ्यांवर. तळवे लालभडक झाले. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं कुठं पडलीस. मी म्हटलं, पडले नाही, एकाला पाडलं. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की दुपारी शिरा केला.

आठ दिवसांनी गेले तर जेसीबी खरोखरच मागं सरकला होता. वीरगळाला झेंडूची माळ होती. समोर पांढऱ्या फरशा रचून ठेवलेल्या, वर पत्र्याचं छप्पर, आणि साहेब चपला काढून उभे. ते मला बघून हसले. कुणा भक्तामुळे डोळे उघडले म्हणाले. आता मुख्य गेटापाशी छोटं देऊळ बांधायचं, दगड तिथं नेऊन बसवायचा, पुजारी ठेवायचा. दर्शन फक्त इथं राहणाऱ्यांसाठी, शिस्त राहावी म्हणून. घरं घेणाऱ्यांना फार आवडलंय. मी केलेल्या शहाणपणावर त्यांनी फरशा बसवायला घेतल्या होत्या.

अक्का तिच्या पट्टीत घेवडा तोडत होती. मी भिंतीला वळसा घालून गेले आणि तिला सगळं सांगितलं. शेंदूर मीच लावला, हेही सांगितलं. तिनं घेवडा तोडणं थांबवलं नाही.

मग तिनं मला हळूहळू समजावलं. तो देव नाही. तो त्यांच्या घरचा माणूस आहे, गाई सोडवायला गेला आणि परत आला नाही. महालय अमावस्येला, म्हणजे आपल्या सर्वपित्रीला, घरचे सगळे जमतात, त्याला न्हाऊ घालतात, नवा पंचा पांघरतात आणि पानावर नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि मटणाचा रस्सा वाढतात. लढून दमलेल्या माणसाला दुसरं काय वाढणार?

"तुम्ही त्याचा देव केलात, मेडम," ती म्हणाली. "आता त्याला पुजारी खडीसाखर देईल. आम्ही गेटाबाहेर. आमचा माणूस आमच्या डोळ्यांदेखत उपाशी राहणार."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी वाट वाचवायला निघाले होते, माझी वाट. त्या दगडाला घर आहे, घरात माणसं आहेत, वर्षाचं एक जेवण आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेचा मला राग आला. रागात मी बरी असते. अमावस्येला किती दिवस आहेत, मी विचारलं. चार, अक्का म्हणाली.

अमावस्येच्या सकाळी गेटवर मी एकटी नव्हते. अक्का, तिच्या दोन सुना, तीच जमीन विकणारे तिचे दोन्ही दीर, मान खाली घालून का होईना, आणि मी. अक्काच्या हातात रश्श्याचं पातेलं, माझ्याकडे चुलीतली राख, शिकेकाई आणि काथ्या. पहारेकऱ्यानं आमच्याकडे बघितलं, पातेल्याचा वास घेतला आणि गेट उघडून स्वतःच बाजूला झाला.

शेंदूर निघता निघत नाही. मी गुडघ्यांवर बसून तासभर घासलं, त्याच गुडघ्यांवर, ज्यांच्यासाठी डॉक्टरांनी कागद दिला होता. राखेच्या पाण्याचे लाल ओघळ फरशांवर आले. साहेब धावत आले. काय चाललंय, हे देवस्थान आहे, मटण कसलं आणता, इथली सगळी घरं शाकाहारी आहेत. त्यांच्या मागं दोन घरमालकही आले होते आणि नाकाला रुमाल लावून उभे होते.

मी उठले. हात कोपरापर्यंत लाल होते.

"हा देव नाही," मी म्हटलं. "शेंदूर मी लावला होता, चुकून. हा यांच्या घरचा माणूस आहे आणि याला मटण लागतं. तुमच्या गेटापाशी नेलात तरी आम्ही दर वर्षी तिथं पातेलं घेऊन येऊ."

साहेब घरमालकांकडे बघू लागले, घरमालक पातेल्याकडे. अक्का कुणाकडेच बघत नव्हती. तिनं दगडावर पंचा पांघरला, पान मांडलं आणि मुद्द्यावर रस्सा वाढला. त्याचं जेवण होईपर्यंत आम्ही पानाभोवती बसून राहिलो.

देऊळ झालं नाही. मांसाहारी माणूस मुख्य गेटाशी कुणाला नको होता, त्यामुळे तो आपल्या कोपऱ्यात राहिला आणि लेआउटच्या रस्त्यानं त्याला वळसा घातला. गेट मात्र आहे. आता तिथं वही ठेवलीय, येणाऱ्यानं नाव लिहायचं आणि कुणाला भेटायचंय ते लिहायचं. साहेबांना वाटलं असेल, या रकान्यापाशी मी अडकेन.

शेंदूर पुरता गेलेला नाही. गाईच्या कानात आणि तलवारीच्या मुठीशी तो अजून आहे, तिथं काथ्या पोचत नाही. ते बघितलं की मी अजूनही ओशाळते. गेल्या रविवारी तिथं धापा टाकत उभी होते तर अक्का भिंतीला वळसा घालून आली. घरचे खाली यंत्रावर पळ म्हणतात, असं मी तिला आदल्या भेटीत सांगितलं होतं. तिनं माझ्या हातात शेंगा ठेवल्या आणि वीरगळाकडे मान वळवली. "तोपण धावलाच की, तंगी," ती म्हणाली. मेडम नाही, तंगी. धाकट्या बहिणीला म्हणतात ते.

आज पहाटे मी वहीत देवनागरीत लिहिलं, म्हणजे पहारेकऱ्याला वाचता येईल. नाव लिहिलं. कुणाला भेटायचंय, तिथं लिहिलं: घरच्या माणसाला. त्यानं ते बोट फिरवत वाचलं आणि गेट उघडलं.