शेजारीण नात्यात बसत नाही

आखातात वीस वर्षं राबून मी वेंगुर्ल्याजवळ काजूचा कारखाना काढला आणि पहिल्याच महिन्यात डोकं धरून बसलो. आमच्याकडे वाडीत कुणी गेलं की प्रेत उठेपर्यंत चूल पेटत नाही. सगळे हातातलं काम टाकून तिथे जमतात. जमोत बापडे, पण महिन्यात दोन-दोनदा कारखाना ओस? अशाने देश पुढे जायचा नाही, असं मी बायांना तावातावाने सांगायचो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नियम केला: घरातलं माणूस गेलं तरच सुट्टी. बाकी कुणासाठी काम सोडून जाईल त्याने परत येऊ नये.

गेल्या वर्षीची गोष्ट. मालाचा ट्रक संध्याकाळी निघायचा होता. सकाळी दहाच्या सुमारास गर सोलणारी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या शेजारची म्हातारी गेली होती. मूलबाळ नाही, मागेपुढे कोणी नाही. हिची दोन्ही बाळंतपणं त्या म्हातारीनेच काढलेली.

"तिका आंघोळ घालूक जातंय, मालकानू. तासाभरात येतंय."

"तुझी कोण ती?"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "नात्यातली कोण नाय."

"मग बस कामाला."

ती बसली. बाकीच्या बायाही मान खाली घालून सोलत राहिल्या. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. एकदाची शिस्त लागली म्हणायची. ट्रक वेळेवर गेला.

वाडीत त्या वेळी दोन म्हातारे तेवढे होते. पुरुष भट्टीवर, बायका सोलायला, सगळे माझ्याकडेच. म्हाताऱ्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग पलीकडच्या गावातून चार माणसं बोलावून आणली आणि तिला आहे त्याच लुगड्यात नेलं. अंगाला पाणी लागलं नाही.

हे मला आठवड्याने कळलं. लाज वाटली, अजून वाटते. त्या बाईच्या घरी जाऊन मी म्हटलं, "चुकलो मी. तुला सोडायला हवं होतं."

तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुमचा काय चुकला?" ती म्हणाली. "दार उघडाच होता. आमी वीस बायका होतंव थंय. एक पण उठाक नाय."