भेद्र्यांचा इटाळ

भेद्रं म्हणजे टमाटे. चांदूर बाजारजवळच्या माझ्या सासरी घरामागच्या मळ्यात ती लावायचे, आणि विटाळाच्या चार दिवसांत बाईची सावलीही वाफ्यावर पडू द्यायचे नाहीत. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी बाहेरची होऊन परसात बसले होते, घरचे सगळे बाजारात, आणि कुणाची तरी शेळी वाफ्यात शिरली. नुसतं बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. धावत जाऊन तिला हाकललं.

पुढच्या आठवड्यात झाडं माना टाकू लागली. पानं हिरवीगार, एक डाग नाही. दुपारी लोंबायची, संध्याकाळी जरा सावरायची, मग तेवढंही बंद झालं. सासरे वाळवी शोधत होते. मला मात्र कारण ठाऊक होतं. शेवटी सासूबाईंना सांगून टाकलं.

वाटलं, त्या आता घर डोक्यावर घेतील. पण त्या पांढऱ्याफटक पडल्या. "कोनाले सांगू नको. अन् आता मळ्यात पाय टाकू नको." माझ्यासारख्या माळ्याच्या लेकीला याहून मोठी शिक्षा नाही, आणि मला ती रास्तच वाटली. माझ्या हातानं भरलं पीक मेलं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. सासऱ्यांनी खटपट करून अमरावतीहून शेतकी खात्याचे साहेब आणले. त्यांनी झाड उपटून खोड आडवं कापलं. आत तपकिरी. तो तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात न हलवता धरला. थोड्या वेळानं कापापासून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली. बुरशीनं मर आली असती तर ही धार दिसली नसती, ते म्हणाले. हे मातीतले जंतू, मुळांतून शिरतात.

दाराआड मला रडू फुटलं. तेवढ्यात, परक्या पुरुषापुढे कधी तोंड न उघडणाऱ्या सासूबाई पुढे झाल्या.

"साहेब, वांग्यालेबी होते का हे?"

"होतो ना. वांग्याला, मिरचीला, बटाट्यालासुद्धा."

त्या ओट्यावर बसल्या. साहेब गेल्यावर मला जवळ बोलावलं. त्या नव्या सून होत्या तेव्हा याच जागेतली वांगी अशीच वाळली होती. त्याही त्या दिवसांत वाफ्यात गेल्या होत्या, आणि जन्मभर कुणाला बोलल्या नव्हत्या. त्याच साली त्यांचं पहिलं बाळ दगावलं.

"मंग लेकरूबी माह्यानं नसन गेलं, नाही का वं?" त्यांनी मला विचारलं.