कापायच्या आधी

एखादं काम न करता त्यातच जन्म कसा घालवावा, हे म्हैसुरात कुणाला शिकायचं असतं, तर माझ्या आतोबांसारखा गुरू मिळाला नसता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कडकोळच्या वाटेवर त्यांची लाकूड कापायची गिरणी होती. शहाणी माणसं सागवान आणत, शिसव आणत. आतोबा लिलावातून नेमकं ते लाकूड उचलत, ज्याला दुसरं कुणी हुंगतही नसे: ऐन, धावडा, बाभूळ, वाकडीतिकडी चिंच. आणि आणलं की कापत नसत! खडू घेऊन ओंडक्याभोवती प्रदक्षिणा घालत, त्याला कान लावत, पाणी शिंपडून चीर कुठवर गेलीय ते बघत, रेघ मारत आणि पंच्याने पुसून टाकत. एका धावड्यापुढे ते इतके दिवस बसले की त्याच्या सालीवर अळंबी उगवली. आत्याने फक्त ती खाण्याजोगी आहे का, एवढंच विचारलं. "सुम्ने, उगाच आपलं कापायचं नाही रे," ते मला समजावत. "सागाला कुणीही कापतो. ह्याला स्वल्प विचारावं लागतं." आमचं घराणं शिंप्यांचं, कापड पसरलं की दोन मिनिटांत बेतणारं. मला ही सगळी थेरं वाटत. नाचता येईना, ओंडका वाकडा, असं मी त्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

पण वेळ आली आणि माझाच ओंडका त्यांच्या हाती गेला. मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानामागची चिंच वाऱ्याने पडली. तिच्या सावलीत मशीन मांडून माझ्या वडिलांनी हयात काढली होती. ते गेल्यावर त्यांचं म्हणावं असं ते झाडच उरलं होतं. तिच्या बुंध्यातून एक अखंड, रुंद फळी निघावी आणि तिचं कापड बेतायचं टेबल व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. आतोबांनी त्याला तीन आठवडे लावले. गाभ्यात चीर होती. ओंडका आहे तसा कापला तर फळी मधोमध फुटणार, जरा फिरवून कापला तर चीर कडेला जाणार. पण किती फिरवायचा? त्या 'किती'पाशी आतोबा अडून बसले.

एके सकाळी गेलो तर ओंडका गाड्यावर चढलेला, करवत गरगरतेय, कानडी मिस्त्री हुकमाची वाट बघतोय आणि आतोबा खडू धरून अजून बघतच आहेत. माझं डोकं फिरलं. दारातूनच ओरडलो, "आतोबा, ह्या जन्मी कापणार आहात का?"

करवतीच्या आवाजात त्यांना धड ऐकू आलं नाही. वळून त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय?"

मिस्त्रीला ऐकू आलं 'कोय्यि'. कानडीत कोय्यि म्हणजे काप. तीन आठवडे बिचारा ह्याच शब्दासाठी ताटकळला होता. त्याने गाडा लोटला. आतोबा थांबवायला "निल्सु! निल्सु!" करत धावले, पण ते पोचेपर्यंत करवत पार झाली होती. फळी चिरेवरून दुभंगली.

"तुम्हीच सांगितलंत ना, यजमान्रे?" मिस्त्री रडकुंडीला येऊन कानडीत म्हणाला. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. आता माझं नाव घेतील म्हणून मी मान खाली घातली.

"हौदप्पा," ते म्हणाले, "मीच सांगितलं."

पुढे त्यांनी दोन्ही तुकडे डमरूच्या आकाराच्या पाचरी ठोकून स्वतःच्या हाताने जोडले. टेबल बघणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "माझा अंदाज चुकला." जन्मभर अंदाज पक्का न करणाऱ्या माणसाने न केलेला अंदाज अंगावर घेतला, आणि मी मूर्खासारखा गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. कापड पसरताना हात त्या सांध्यावरून जातो. हल्ली मीही खडूची रेघ मारतो, पुसतो, पुन्हा मारतो. "अहो, कापा की आता," गिऱ्हाईक वैतागून म्हणतं.

"काय?" मी विचारतो, आणि कात्री खाली ठेवतो.