खोक्यावरची वहिनी

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सगळ्यात जास्त साड्या नेसलेली बाई कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या वहिनीकडं बोट दाखवीन. आणि सगळ्यात कमी साड्या कुणाच्या कपाटात आहेत असं विचारलं, तरी माझं बोट तिथंच राहील. लग्नाआधी वहिनी सुरतेला साड्यांच्या कॅटलॉगची मॉडेल होती. साडीच्या खोक्यावर पदर पसरून हसत उभी असते ना, ती बाई. एका दिवसात ती इतक्या साड्या नेसायची आणि सोडायची, की आमच्या आईला तेवढ्या उभ्या जन्मात मिळाल्या नाहीत. त्यातली एकही तिची नसायची. दिवस मावळला की ती आपला धुवट पंजाबी ड्रेस घालून, तोंडावरचा रंग पुसत पुसत बसनं घरी जायची. तिचे वडील खानदेशातून सुरतेच्या मिलमध्ये गेलेले, घरात खाणारी तोंडं बरीच. बायकांच्या एकदोन मासिकांत ती तेलाच्या आणि पापडाच्या जाहिरातीतही झळकली होती, पण तिचा खरा मुलूख म्हणजे खोकं.

आमचं नळदुर्गला कापडाचं दुकान. अप्पा, म्हणजे माझे वडील, कपाळाला विभूती लावून सकाळी गादीवर बसायचे ते दुपारच्या जेवणालाच उठायचे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, लग्नसराईच्या आधी माल आणायला सुरतेला जायचा. एका वर्षी त्यानं आणलेल्या गाठी उघडल्या तर सगळ्या खोक्यांवर एकच मुलगी. आत निम्म्या साड्या मोहरीच्या रंगाच्या, ज्याला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. अप्पांनी एकेक खोकं उलटंसुलटं करून बघितलं, मग दादाकडं बघितलं, आणि माल बघून आणलास की खोकं बघून, एवढंच विचारलं. दादा खाली मान घालून सुतळ्या गुंडाळत बसला. पुढच्या खेपेला तो व्यापाऱ्याची ओळख काढून तिच्या घरी चहा पिऊन आला होता. घरात महिनाभर धुसफूस चालली. मुलगी आपल्यातली नाही, हे अप्पांचं एक दुखणं. आणि होणाऱ्या सुनेचं तोंड गावोगावच्या कपाटांत पडलंय, हे दुसरं. शेवटी निकाल दिला तो अव्वानं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, ती कर्नाटकातली. ती म्हणाली, "लोक पोरगी एकदा बघत्यात, ती बी खाली मान घालून बसलेली. आपण हिला लाल, हिरवी, पिवळी, सगळ्या साड्यांत बघितलीय. आता आणखी काय बघायचं ऱ्हायलंय?"

वहिनी घरात आली आणि पहिले काही महिने शेजारपाजारच्या बाया नुसत्या ती उभी कशी राहते ते बघायला यायच्या. वहिनीला सरळ उभं राहताच येत नसे. एक पाऊल पुढं, खांदा जरासा तिरका, हनुवटी वर, अशी ती रेशनच्या रांगेत उभी राहायची. चुलीवर दूध उतू जात असलं तरी ती धावायची ती डौलानं. एकदा अंगणात विंचू निघाला तेव्हा आम्ही सगळ्याजणी ओरडत बाजेवर चढलो, आणि वहिनी बाजेवरही एक हात कमरेवर ठेवून उभी. बारशाच्या, डोहाळजेवणाच्या फोटोत ती मानपान न बघता उंच बायांना मागं ढकलायची आणि बुटक्यांना पुढं ओढायची. यात माझी सख्खी आत्या एकदा पार कडेला गेली, आणि वर्षभर आमच्याकडं जेवली नाही.

उजेडाचं तिला वेडच होतं. कुणी घरी आलं की पाणी देण्याआधी ती त्याची खुर्ची सरकवायची. चुलतभावासाठी तुळजापूरला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी आली, पाट मांडला होता भिंतीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. वहिनी उठली, परक्याच्या घरात सगळ्यांसमोर तो पाट उचलून तिनं दारापाशी ठेवला, आणि मुलीला म्हणाली, आता बस. दारातून सकाळचं ऊन तिच्या गालावर आलं. चुलतभावानं तोवर धरलेला पोह्याचा घास तसाच हातात राहिला. लग्न ठरलं. आज त्यांचा संसार सुखाचा आहे, फक्त भाऊ कधीमधी कुरकुरतो, की घरात दाराजवळची जागा बायको कुणाला देत नाही.

दुकानात मात्र वहिनीनं पहिल्याच आठवड्यात अप्पांच्या तोंडचं पाणी पळवलं. तिला गादीवर बसवायची कल्पना दादाची. खोक्यावरची बाई साक्षात समोर बसली तर साड्या हातोहात जातील, असा त्याचा हिशोब. पण गिऱ्हाईक बाईनं खोक्याकडं बोट दाखवून, मला अशीच दिसणारी पाहिजे, असं म्हटलं की वहिनी प्रामाणिकपणे सांगायची, "अशी ती माझ्या अंगावरसुद्धा दिसली नव्हती हो. मागून सगळी पिना लावून आवळली होती. ब्लाउज तर मागं उघडाच, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरलेला." पदर असा उडतो कसा, याचं उत्तर असायचं की एक जाडा माणूस तिच्या पायाशी पालथा पडून तो वर भिरकावायचा आणि पटकन बाजूला लोळायचा. उंची दिसते ती स्टुलाची, आणि निऱ्यांच्या आत पायात रबरी स्लिपर. अप्पा डोळे मिटून षडाक्षरी मंत्र म्हणायला लागायचे. पण झालं भलतंच. अणदूर, जळकोटच्या बाया, सीमेपलीकडच्या कानडी बाया, दुकानात आल्या की अप्पांना ओलांडून थेट वहिनीपुढं बसू लागल्या. ती बाई खोटं बोलत न्हाई, असं एकमेकींना सांगू लागल्या.

दादा सोलापूरहून येताना तिच्यासाठी गुळगुळीत कागदाची फॅशनची मासिकं आणायचा. ती उघडून वहिनी दुपारभर बसायची. आम्ही कपडे बघायचो, ती बाया बघायची. तिला त्या फोटोत काय काय दिसायचं. हिच्या चपला दोन बोटं लहान आहेत, बघा अंगठा कसा दुमडलाय. ही कालपासून जेवलेली नाही. हिला ताप आहे, म्हणून डोळे असे चमकतात, आणि तो फोटोवाला खूश झाला असेल. बर्फात उघड्या पाठीनं उभ्या असलेल्या एका परदेशी मुलीकडं बघून ती इतकी कळवळली, की चहा करायला उठली. कुणासाठी ते तिलाही सांगता आलं नाही. शेवटी तो मी प्यायले.

पुढं माझं लग्न होऊन मी बार्शीला गेले. दुकानाला वाईट दिवस आले ते त्यानंतर. सोलापूरला एक मोठं शोरूम निघालं आणि त्यांनी आमच्या गावाच्या तोंडाशी मुंबईच्या मॉडेलचं भलंमोठं होर्डिंग लावलं. शालू, नथ, ओठ अर्धवट उघडे. गिऱ्हाईक त्या होर्डिंगखालून एसटीत बसून सोलापूरला जायला लागलं. दादानं ठरवलं, आपणही होर्डिंग लावायचं, आणि त्यावर वहिनी. अप्पांनाही ते पटलं. ज्या तोंडावरून एवढं रामायण झालं, ते तोंड आता दुकान वाचवील असं त्यांना वाटायला लागलं. वहिनीनं नाही म्हटलं.

तिच्या नाहीमागं एक गोष्ट होती, आणि ती तिनं मला नंतर सांगितली. जुन्या मालातलं वहिनीच्या फोटोचं एक खोकं दुकानात राहिलं होतं. जळकोटकडची एक शेतकरीण त्यातली जांभळी साडी लेकीच्या साखरपुड्यात नेसायला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. साडी बदलून द्या म्हणेल असं वहिनीला वाटलं. पण बाई हळूच म्हणाली, "साडी चांगली हाय बाई. मीच बरी न्हाय." त्या दिवशी वहिनी जेवली नाही. पिनांचं, चिमट्यांचं सगळं सांगून झालं होतं, तरी आरशापुढं उभं राहिल्यावर त्या बाईला स्वतःचाच दोष दिसला होता.

म्हणून वहिनी म्हणाली, होर्डिंग लावा, पण त्यावर अव्वांना उभं करा.

घरात पहिल्यांदा सगळे हसले. मग ती खरंच म्हणतेय हे कळल्यावर भांडण लागलं. अप्पांचं म्हणणं, सत्तरीची, काळी, पाठीत वाकलेली, इरकल नेसणारी म्हातारी बोर्डावर लावली तर लोक दुकानाचं हसं करतील. दादा वहिनीच्या बाजूनं बोलला नाही. अव्वा तर स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. फोटो मरायच्या वक्ताला लागतो, आणि तो आधार कार्डावर हाय की, असं तिचं उत्तर. वहिनीनं कुणाशी वाद घातला नाही. ती रोज भाकरी थापताना अव्वाशेजारी बसून, तुम्ही नुसतं दुकानात यायचं, दुसरं काही करायचं नाही, एवढंच सांगत राहिली. शेवटी सुनेच्या तोंडाकडं बघून अव्वा तयार झाली.

सोलापूरहून फोटोवाला आला. त्यानं दिव्यांवर पांढऱ्या छत्र्या उघडल्या. घरात छत्री कशाला, असं अव्वानं विचारलं. तो म्हणाला, आजी, हसा. अव्वानं तोंड घट्ट मिटलं, कारण दात मोजकेच होते. तो म्हणाला, खांदा सैल सोडा. अव्वानं पदर डोक्यावरून आणखी पुढं ओढला. तासाभरात फोटोवाला घामाघूम. वहिनीनं त्याला हळूच सांगितलं, कॅमेरा तयार ठेवा आणि काही बोलू नका. मग तिनं नव्या गाठीतली एक इरकल काढून अव्वाच्या हातात दिली आणि म्हणाली, "अव्वा, हा रंग पक्का आहे का बघा बरं. मला शंका येतेय."

अव्वा सगळं विसरली. साडी घेऊन दारापाशी गेली, काठ उजेडात धरला, बोट ओलं करून चोळला, आणि एक डोळा बारीक करून त्या काठाकडं असं बघितलं, की जणू त्यानंच तिचं काही चोरलं होतं. फोटो निघाला तो हाच.

कच्चा फोटो बघून अप्पा म्हणाले की ही तर गिऱ्हाइकावर डाफरतेय. त्यानंतर ते वहिनीशी बोलेनासे झाले. एकाच खोलीत बसून, त्यांना सांगा चहा नको, असा निरोप ते दादाकडं द्यायचे, आणि दादा तो दोन हातांवर बसलेल्या बायकोला द्यायचा.

पंचमीला मी माहेरी गेले तेव्हा होर्डिंग लागून आठवडा झाला होता आणि अव्वानं अजून ते बघितलं नव्हतं. वहिनीनं रिक्षा केली आणि आम्ही दोघींनी तिला मधे बसवून नेलं. हायवेच्या कडेला, एका ज्वारीच्या रानाच्या बांधावर ते उभं होतं. खाली फक्त दुकानाचं नाव. ट्रका जात होत्या. अव्वा रिक्षातून उतरली, डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "अव्वा."

मला वाटलं ती स्वतःचंच नाव घेतेय. वहिनीनं तिचा दंड धरला.

"माझी अव्वा," ती म्हणाली. "माझी आय. अशीच उभी ऱ्हायची ती दारात. म्या तिचं तोंड इसरले होते."

आमची आजी अव्वाच्या लहानपणीच गेलेली. तिचा फोटो कुठंच नव्हता. अव्वानं तिथंच खाली वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. येताना रिक्षात ती कानडीत काहीबाही बोलत राहिली, जे ती आमच्याशी कधी बोलली नव्हती. वहिनीला कानडीचा एक शब्द येत नव्हता, पण ती हुंकार देत होती.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आमच्या घराची सगळ्यात गमतीची. बाया दुकानात येऊन, ती म्हातारी कुठं हाय, असं विचारायच्या आणि अव्वानं बोट ओलं करून काठ चोळल्याशिवाय साडी घ्यायच्या नाहीत. अव्वा गादीवर बसायला लागली. दर सोमवारी तिला होर्डिंग बघायला न्यावं लागायचं. माझी डावी बाजू बरी दिसती, असं ती पाहुण्यांना सांगायची. कुणी लोणच्यावाला तिचा फोटो बाटलीवर लावायचा म्हणून आला, तर तिनं त्याला, तू सोता हे खातोस का, असं विचारलं. तो घुटमळला. तिनं त्याला जेवू घालून परत पाठवला. अप्पाही हळूहळू विरघळले. एके दिवशी त्यांनी वहिनीला थेट, सूनबाई, चहा टाका, असं म्हटलं, आणि दादा निरोप न्यायचं काम सुटल्यानं जरा ओशाळा झाला.

गेल्या थंडीत अव्वा गेली. फार दिवस अंथरुणावर नव्हती. होर्डिंग तसंच होतं. काढायचं कुणी नाव काढलं नाही. मग रस्त्याच्या कामात तो बांध गेला आणि दादानं फ्लेक्स उतरवून टेम्पोत घालून घरी आणला. एवढी मोठी वस्तू ठेवायची कुठं, म्हणून वहिनीनं ती गच्चीवर उलगडली. मी तेव्हा तिथंच होते. सकाळची वेळ. गच्चीभर अव्वा. एकेक डोळा परातीएवढा, कपाळावरच्या आठ्या नांगरटीसारख्या. कडेनं चालायलाही जागा उरली नव्हती. आम्ही तिघं जिन्याच्या तोंडाशीच उभे राहिलो.

अप्पा काठी टेकत वर आले. त्यांनी चपला जिन्यात काढल्या. कडेकडेनं सबंध फेरी मारली आणि अव्वाच्या चेहऱ्यापाशी येऊन, गुडघ्यांवर हात ठेवत, खाली बसले. खूप वेळ बघत होते. मग आमच्याकडं न वळता म्हणाले, "एवढ्या जवळून म्या हिला कधी बघितलंच न्हाई."

दादा काहीतरी बोलणार होता. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि आम्ही तिघं आवाज न करता खाली आलो.