ऐकून घेणाऱ्या बाईचा नवरा

चष्म्याच्या काचा घासून चौकटीत बसवणारा हा कारागीर आळीत भला माणूस म्हणून ओळखला जाई. बायकोवर आपण कधी हात उगारला नाही, याचा त्याला अभिमान होता. एवढ्यावर भलेपण सिद्ध होते असे त्याला आणि आळीलाही वाटावे, यातच आपली मोजपट्टी किती आखूड आहे ते दिसते.

त्याची बायको पाहणीचे काम करी. बायकांना मारहाण करण्याबद्दल पुरुषांना काय वाटते, हे घरोघर जाऊन विचारायचे. नियम दोन, पण कडक. बोलणे एकट्या पुरुषाशीच करायचे, दार लोटून. आणि तो काहीही म्हणाला, तरी चेहऱ्यावर रेघ उमटू द्यायची नाही.

पहिला नियम सासूला खुपे. "परक्यांची मनं मोजत हिंडतेस. घरच्याचं मोजलंस का कधी?"

"मोजलं की, आई. मापात बसत नाहीत ते."

तो हसे. त्याला जाळत होता तो दुसरा नियम. आपण दुकानातले काही सांगू लागलो, की ही भाजी चिरता चिरता 'हं' म्हणते, मध्येच उठून गॅस बारीक करते; आणि कुणा उपटसुंभाचे मात्र तासभर मन लावून ऐकते.

एका दुपारी चष्मा पोचवण्याचे निमित्त काढून तो तिच्या कामाच्या गल्लीत गेला. एका घराच्या खिडकीतून दिसले ते असे: एक ट्रकचालक हातवारे करून बोलत होता, आणि ती मान किंचित कलवून, डोळे त्याच्यावर स्थिर ठेवून ऐकत होती. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हा चेहरा नवऱ्याच्या वाट्याला आला नव्हता.

संध्याकाळी ती पिशवी खुंटीला लावत असताना त्याने तिचे मनगट धरले. "उद्यापासून जायचं नाही."

"का?"

"त्या ड्रायव्हरचं एवढं काय ऐकत होतीस?"

तो मागावर आला होता, हे तिच्या ध्यानात आले. तिने आवाज चढवला नाही. मान किंचित कलली, डोळे स्थिर झाले.

"न विचारता बाहेर गेली, तर बायकोला मारलं तरी चालेल. पूर्ण पटतं, थोडं पटतं, की अजिबात पटत नाही?"

"अजिबात पटत नाही. मी कधी हात उगारलाय का तुझ्यावर?"

"उगारला नाहीत. धरलाय. आधी सोडा, मग उत्तर धरते."

ज्या चेहऱ्याचा त्याने हेवा केला, तो आता समोर होता; आणि त्यात त्याच्यासाठी वेगळे असे काहीच नव्हते. ट्रकचालकाला मिळाले, तेवढेच. हात सोडायला त्याला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. कुठल्या गल्लीत, हे त्याने विचारले नाही. तिनेही आपण होऊन सांगितले नाही. काच घासताना तो दिवसभर त्या अनोळखी पुरुषांची उत्तरे मनात रचत राहिला.