तोलून न घेतलेला गोळा

मेहकरच्या बसस्थानकापासून पाच मिनिटं चाललं की खेळाच्या सामानाचं एक दुकान लागतं. पाटीवर अजून तसंच लिहिलंय, म्हणून खेळाच्या सामानाचं म्हणायचं. तीस-पस्तीस वर्षं मी तिथली गिऱ्हाईक होते. आधी गोळाफेक करणारी शाळकरी मुलगी म्हणून, नंतर शाळेतली खेळाची बाई म्हणून. परवा त्या रस्त्यानं जाताना मी मान वळवली आणि समोरच्या बाजूनं निघून गेले. हा माझा स्वभाव नाही. मी समोर उभी राहून भांडणारी बाई आहे. पण या भांडणात निम्मा दोष माझाच आहे, आणि तो मी अजून एकीशिवाय कुणाजवळ बोललेले नाही.

त्या दुकानाचे म्हातारे मालक, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, फार विचित्र धंदा करायचे. बूट घ्यायला गेलं की आधी जुना जोडा मागायचे. तो उलटा करून तळवा पाहायचे, कुठे झिजलाय त्यावरून पाय कसा पडतो ते ओळखायचे. जोडा आणला नसेल तर परत पाठवायचे. "मंग आज काऊन आली? जाय, पयले जुना घेऊन ये." नवा बूट पायात चढवला की गल्लीच्या टोकापर्यंत पळायला लावायचे आणि स्वतः दारात उभे राहून बघायचे. रस्त्यावरच्या लोकांदेखत परकर-पोलक्यातली मी नव्या बुटांत धावलेय. दोरीउड्यांची दोरी ते आपल्या उंचीला मापून कापून द्यायचे. चेंडू कुठूनही घेतलेला असो, हवा भरून मिळायची, वर "ब्लॅडर चांगलं नाही यातलं" एवढं ऐकून घ्यावं लागायचं. तोंड गोड नव्हतं त्यांचं. पण तिथून आणलेल्या वस्तूनं कधी दगा दिला नाही.

दहावीत असताना वडील मला गोळा घ्यायला घेऊन गेले. काकांनी कपाटातून चार किलोचा गोळा काढला आणि तो आमच्या हातात न देता शेजारच्या अडत दुकानात नेला. धान्याच्या तराजूत एका पारड्यात दोन किलोची दोन वजनं, दुसऱ्यात गोळा. गोळ्याचं पारडं जरासं वर राहिलं. इतकं जरासं, की वडील म्हणाले, "चालते हो, एवढ्यानं काय होते?" काकांनी गोळा उचलून बगलेत धरला. "हलक्या गोळ्यानं हात खोटा होते. इथं लांब जाईन, अन् मैदानात पोरगी रडन. पुढच्या आठवड्यात या." त्यांनी तो विकलाच नाही. आम्ही आठ दिवसांनी पुन्हा एसटीनं गेलो. त्या वेळी नवा आलेला गोळा तोलून, वडिलांना काटा दाखवून, मग माझ्या हातात दिला. त्या गोळ्यावर मी जिल्ह्यापर्यंत गेले. पुढे बीबी गावाजवळच्या माझ्या माहेरच्याच गावात शाळेत नोकरी लागली, तेव्हा तो मी शाळेला देऊन टाकला.

त्या गोळ्याचं पुढे काय झालं ते ऐकून लोक हसतात, मीही हसायचे. एका पावसाळ्यात एका पोरीच्या हातून तो निसटला आणि कुंपणाखालून घरंगळत शेजारच्या सोयाबीनमध्ये गेला. दोन दिवस शोधला, सापडला नाही. पुढे निंदणाऱ्या बायांना तो सापडला. पायात येऊ नये म्हणून त्यांनी तो बांधावर म्हसोबाच्या दगडाशेजारी ठेवला. कुणीतरी म्हसोबाला शेंदूर लावताना यालाही लावला. पुढच्या अमावास्येला त्याच्यापुढे नारळ फुटलेला होता. मी जाऊन सांगितलं की हा शाळेचा गोळा आहे, माझ्या वडिलांनी मेहकरातून आणलेला. तिथली म्हातारी म्हणाली, "आसन, बाई. पन आता त्यानं जागा धरली. उचलू नका." मी हात जोडले आणि परत आले. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं की आपल्या शाळेतून बढती मिळालेला हा पहिलाच.

तर आमच्याकडे गोळा नव्हता, आणि माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, गोळा हवा होता.

पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्याकडे पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी दिसतात ती सगळी भरतीची. तिच्या दोन भरत्या गेल्या होत्या. एकदा धावण्यात राहिली, एकदा लेखी परीक्षेत. तिसरीच्या आधी भाऊ ओट्यावर बसून म्हणाला होता, "एवढी एक. मंग जे पाहुणे येऊन राह्यले त्यायले मी हो म्हनतो." पोरीनं मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, गोळा माझ्याकडे लागला. मुलींना भरतीत चार किलोचाच गोळा असतो आणि गोळाफेक मला येते. मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

मी मेहकरला गेले. दुकानात शिरले आणि वाटलं, चुकून दुसरीकडे आले. भिंतीभर ट्रॉफ्या. सोनेरी, चंदेरी, पंख असलेल्या, गरुड बसलेल्या. सन्मानचिन्हं, काचेची तबकं, सत्काराच्या शाली. खालच्या कपाटात बूट होते, पण एकेकच, डाव्या पायाचे. काकांचा मुलगा गल्ल्यावर मोबाइल बघत होता. मागे काकांचा हार घातलेला फोटो होता, त्याच्यापुढे ट्रॉफ्यांची रांग लागल्यामुळे हनुवटीच्या खाली काही दिसत नव्हतं. जिंकल्यावर द्यायच्या वस्तूंनी दुकान भरलंय आणि जिंकायला लागणारं काहीच नाही, हे मी त्याला तोंडावर बोलले.

"मॅडम, हेच खपते," तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "लोक येतात, बूट पायात घालून पाह्यतात, नंबर इचारतात, अन् भायेर जाऊन मोबाइलवर मागवतात. म्या किती दिवस नंबर सांगत बसू?"

मी डाव्या बुटांकडे पाहिलं. भाचीचे पहिल्या भरतीचे बूट मी तसेच मागवले होते. याच दुकानात तिचा नंबर बघून.

गोळ्याचं विचारल्यावर तो उठला, आत गेला आणि एका खोक्यातून काळा रंग मारलेला गोळा घेऊन आला. वर चिठ्ठी चिकटवलेली, चार किलो. मी हातात घेतला. हलका वाटला. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, "आता असेच येतात, मॅडम. चिठ्ठी हाय ना वर." शेजारचं अडत दुकान आता नाही, तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तराजू कुठे शोधायचा? आणि खरं सांगते, मला तो शोधायचाच नव्हता. त्या दुकानातली वस्तू तोलायची असते ती दुकानदारानं, गिऱ्हाइकानं नाही, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिथून घेतलेला गोळा गावच्या किराणा दुकानात नेऊन पुन्हा तोलायचा म्हणजे काकांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं असतं. काका तर केव्हाच गेलेले. मी विश्वास त्यांच्यावर ठेवला आणि माल त्यांच्या मुलाकडून घेतला.

शाळेच्या मैदानावर मी पांढऱ्या फक्कीनं वर्तुळ आखलं आणि पूर्ण गुणांची रेषही आखली. पोरगी रोज सकाळी बांधावरून यायची, म्हसोबाला आणि त्या शेंदरी गोळ्याला हात जोडायची, मग माझ्यापुढे उभी राहायची. गोळा मानेच्या खोबणीत कसा ठेवायचा, कोपर कसं उचलायचं, जोर कमरेतून कसा आणायचा, सगळं मी तिला शिकवलं. तिसऱ्या आठवड्यातच गोळा रेषेपलीकडे पडायला लागला. एवढ्या लवकर? मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मला आनंद झाला होता. माझ्या शिकवण्यात दम आहे असं मला वाटलं. मी भावाला मुद्दाम मैदानावर बोलावून दाखवलं. जाताना त्यानं स्वतः गोळा उचलून तिला आणून दिला.

बुलढाण्याला मैदानी चाचणी होती. आम्ही नातेवाईक फाटकाबाहेर उभे. धावून झाल्यावर तिनं लांबून हात केला, आठशे आणि शंभर मीटर, दोन्ही वेळा चांगली धावली होती. मग गोळा. आम्हाला काही दिसत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. गोळा रेषेच्या बराच अलीकडे पडला होता, तिन्ही वेळा.

"आत्या, तिथला गोळा जड होता."

आणि मी, सगळ्यांदेखत, तिला म्हणाले, "गोळा कधी जड नसतो. सगळ्या पोरींना तोच गोळा होता ना? तू घाबरलीस." ती म्हणाली, "नाही व आत्या, खरंच जड होता." मी म्हणाले, "बहाणे नको सांगू." हे शब्द माझ्या तोंडचे आहेत. काकांचं "मैदानात पोरगी रडन" मला तेव्हा आठवलं नाही. ती रडलीही नाही. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी मी गोळा पिशवीत घालून किराणा दुकानात गेले. पिशवी काट्यावर ठेवली. सव्वातीन किलो. दुकानदार म्हणाला, "बाई, काय हाय यात?" मी म्हणाले, काही नाही.

गोळा घेऊन मी मेहकरला गेले. तिथे कसल्या तरी सत्काराच्या ट्रॉफ्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवणं चाललं होतं. मी गोळा टेबलावर आपटला. काकांच्या मुलानं चिठ्ठी नखानं उचकटून पाहिली, खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. "वरून तसाच आला असन, मॅडम. बदलून देतो. चारचा मात्र नाही आता, मागवा लागन." मी पुष्कळ बोलले. काका असते तर काय झालं असतं तेही बोलले. तो ऐकून घेत होता आणि पट्ट्या चिकटवत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही तोलून का नाही घेतला?"

मी गोळा तिथेच टाकून आले.

निवडीची यादी लागली तेव्हा थोड्याच गुणांनी तिचं नाव राहिलं. गोळ्यानंच नेलं. भावानं पाहुण्यांना हो म्हटलं. मी तिला काही सांगितलं नाही. आधी वाटलं, यादी लागेपर्यंत थांबू. मग वाटलं, पाहुणे येऊन जाऊ दे. मग लग्नाची तारीख निघाली आणि वाटलं, आता सांगून काय होणार, तिच्या जिवाला घोर कशाला. या सगळ्या सबबी होत्या. मला भीती वाटत होती. ती मनात म्हणत असणार की आपणच घाबरलो, आणि मी तिला तसं म्हणू देत होते. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हळदीच्या दिवशी नवरीला गावातल्या देवांच्या पाया पडायला नेतात. मारुतीला जाऊन आम्ही शेवटी बांधावर आलो. बाया नारळ सोलत मागे थांबल्या. हळदीनं माखलेली पोरगी म्हसोबापुढे वाकली. मग शेजारच्या शेंदरी गोळ्याच्या पाया पडायला हात पुढे केला आणि तो तसाच ठेवला. इकडेतिकडे न बघता तिनं गोळा दोन्ही हातांनी उचलला. मग उजव्या तळव्यावर घेऊन मानेच्या खोबणीत ठेवला, अगदी मी शिकवला तसा. कोपर उचललेलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "अव पोरी, ठेव तो!"

ती तशीच उभी राहिली.

"आत्या, मैदानातला असाच होता," ती म्हणाली. "हा किती किलोचा हाय?"

"चार."

"अन् आपला?"

मी खरं सांगितलं.

तिनं गोळा हळूच होता तिथे ठेवला. मानेला लागलेला शेंदूर पदरानं पुसला, तो हळदीत आणखीच पसरला. "मले वाटलं, मीच घाबरली," ती म्हणाली. मग नारळ घ्यायला बायांकडे गेली.