परक्यांनी घेतलेलं नाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओसरीवर बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलणं. बायकोच्या सुपात नुसते दाणे, माझ्या सुपात निम्मी टरफलं, आणि त्यावरून तिची बडबड. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

मुलगी मेंदूची शास्त्रज्ञ आहे. दूर दक्षिणेत एका मोठ्या संस्थेत उंदराचा मेंदू तपासते. उंदीर वाट कशी लक्षात ठेवतो ते तिला शोधायचं आहे. आमच्या कोठीतला उंदीर धानाची वाट विसरला असं मी तरी कधी पाहिलं नाही. मला विचारलं असतं तर सरकारचा खर्च वाचला असता. पण मी चौथी नापास, मला कोण विचारते.

त्या दिवशी ती खुशीत होती. नोकरी पक्की करायची तर अर्जासोबत आपले छापून आलेले पेपर दाखवावे लागतात, आणि जगातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या पेपरात आपलं नाव किती वेळा घेतलं तेही. हिचं नाव खूप लोक घेऊन राहिले होते म्हणे.

"न पाह्यलेले लोक तुहं नाव कायले घेतेत वं?" तिच्या मायनं विचारलं.

"त्यांचं काम माझ्या कामावर उभं राहते ना, आई."

"अस्सं! मंग माह्यावर त या घरातलं काहीच उभं नसन. तुह्या बापानं जल्मात माहं नाव घेतलं नाई."

"तुनं घेतलं काय माहं?" मी म्हटलं.

आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी 'अवो' म्हणायचं, तिनं 'अजी'. तेवढ्यावर सगळा संसार झाला. फोनमधून मुलगी हसली, "दोघंही नापास!"

दुसऱ्या दिवशी दुपारी धुणं वाळत घालता घालता बायको पडली. गोंदियाचा डॉक्टर म्हणाला, "दिमाग की नस फट गई, काका." मी म्हटलं, "वा! आमच्या घरचाच विषय निघाला." त्याला वाटलं, बुढ्याचं डोकं सरकलं.

मुलगी पोहोचली तेव्हा माय गेलेली होती. तेरवीपर्यंत माणसं येत राहिली. शेजारची म्हातारी मोठी हुशार. मुलीचा हात धरून म्हणाली, "येवढी मेंदूचं शिकली बाई, अन् मायचा मेंदू नाई वाचवता आला?"

मी म्हटलं, "वयनी, तुमचा पोरगा ट्रॅक्टर दुरुस्त करते. मंग तुमचा बैल काऊन मेला?"

म्हातारी उठून गेली. पण मुलीच्या काळजात तिचं बोलणं घुसलंच. लॅपटॉप पिशवीतून निघाला नाही, आणि अर्जाची मुदत सरत आली. तेरवीच्या संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मी अर्ज करत नाही. इथंच राहते. त्या पेपरांचा काय उपयोग झाला?"

तेव्हा मला भीती वाटली. जे काम मायनं गावभर मिरवलं, ते पोरगी माझ्यापायी चुलीत घालणार.

"राह्य ना," मी म्हटलं. "रोज मले चहा करून दे. तुह्या हातचा चहा म्हंजे नहराचं पानी. तो पिऊनच मायनं तुले शिकाले धाडलं."

रडता रडता ती हसली. मग मी विचारलं, "ते नाव घेनारे लोक, त्यायले तुनं कधी तिळगूळ धाडला होता का?"

"नाही बाबा. मी त्यांना ओळखतही नाही."

"वळख नाई, नातं नाई, तरी घेतेत. अन् तू त्यायले सोडून एका बुढ्याच्या चहामांगं लागून राह्यली."

तिनं डोळे पुसले. मग लॅपटॉप उघडला. जेवणाआधी अर्ज गेला.

"पुढच्या पेपरच्या शेवटी आईचे आभार लिहीन," ती म्हणाली. "तिचं पूर्ण नाव सांगा."

"राशनकार्डावर हाये, पाहून घे."

"मला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

"मंग आयकत राह्य," म्हणून मी गाईला चारा टाकायला निघून गेलो.

सकाळी तिला बसमध्ये बसवून घरी आलो. चहा केला. माझाही नहराचं पाणीच झाला. त्या दिवशीच्या उरलेल्या शेंगा कोपऱ्यात वाळून कडक झाल्या होत्या. सूप घेऊन ओसरीवर बसलो आणि बायकोचं नाव घेतलं. पूर्ण. मधे माझंही आलं, त्याला इलाज नव्हता. समोर गाईनं मान वर केली. बाकी कोणी ओ दिली नाही.

मग शेंगा सोलल्या. दाण्यात एक टरफल पडू दिलं नाही.